मत्स्यशेतीचा लाभ गरिबापर्यंत नेमका कोणत्या वाटेने पोहोचतो?

विकसनशील देशांत मत्स्यशेतीमुळे अन्न आणि रोजगार दोन्ही वाढतात असे सर्व अहवाल सांगतात, पण ज्याच्याकडे तळे खणायला जमीनच नाही त्याच्या ताटात मासा आणि हाताला काम खरोखर येते का, असे आपण विचारले आहे. मत्स्यव्यवसाय विस्ताराच्या कामात बरीच वर्षे घालवल्यावर माझे उत्तर ‘होय’ असेच आहे. मात्र तो लाभ योजनांच्या पत्रकांत दाखवतात त्या वाटेने बहुधा येत नाही, आणि काही ठिकाणी तर मत्स्यशेतीने गरिबाचे होते ते कामही हिरावून घेतले आहे.

सर्वसाधारण चित्र थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात प्रथमच मासे, कोळंबी आदी जलचर प्राण्यांचे संवर्धनातून आलेले उत्पादन समुद्र व नद्यांतील पकडीपेक्षा जास्त झाले. ते सुमारे ९ कोटी ४४ लाख टन, म्हणजे एकूण उत्पादनाच्या ५१ टक्के होते. यातील फार मोठा वाटा आशियाचा आहे, तर आफ्रिकेचा वाटा अजून अगदी लहान आहे. पण जागतिक बेरजेवरून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, म्हणून मी बांगलादेशाचे उदाहरण घेतो.

तेथील ग्रामीण घराजवळ तळे असते ते मुळात मत्स्यशेतीसाठी नव्हे. पुराच्या पाण्यातून घर वाचावे म्हणून जोते उंच करायचे, त्यासाठी माती उकरायची, आणि उरलेल्या खड्ड्यात पाणी साचायचे. त्यात रोहू-कटला यांसारखे कार्प जातीचे मासे सोडायचे तर त्यांचे बीज, म्हणजे बारीक पिल्ले, नदीतून गोळा करावे लागे, कारण हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. ही अडचण दूर झाली ती ओडिशात. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातील कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. आपल्याकडे तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, आणि तो मान सर्वस्वी योग्य आहे. कारण त्या तंत्राविना हॅचरी, म्हणजे मत्स्यबीज तयार करणारे केंद्र, उभी राहिली नसती आणि हॅचरीविना पुढचे काहीच घडले नसते.

आता रोजगाराकडे वळतो. बांगलादेशातील जशोरजवळच्या चांचडा परिसरात हॅचऱ्यांची दाटी आहे. तेथून निघालेली बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्ले, गावोगावी पोहोचवणारे विक्रेते ॲल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्यात पाणी व मासे घेऊन निघतात आणि वाटभर तळहाताने पाणी थोपटत राहतात, म्हणजे त्यात हवा मिसळते आणि पिल्ले जगतात. हात थांबला की माल मरू लागतो. या माणसाकडे स्वतःचे तळे नसते, आणि अनेकदा गुंठाभर शेतही नसते. हॅचरीतील मजूर, तळे खणणारे, जाळे ओढणाऱ्या टोळ्या, खाद्य गिरणीतील हमाल, बर्फ फोडणारे, ड्रमात जिवंत मासे भरून रात्रीतून ढाक्याला नेणारे ट्रकवाले, बाजारात मासे कापून देणाऱ्या स्त्रिया अशी ही साखळी बरीच लांब आहे. म्हणून तळेमालकांची शिरगणती करून रोजगार मोजणारा मनुष्य निम्मेच मोजतो, असे मी नेहमी सांगत आलो आहे.

अन्नाचेही असेच आहे. मैमनसिंग जिल्ह्यात, विशेषतः त्रिशाल आणि भालुका या भागांत, पंगस (मार्जारमाशाची एक जात) आणि तिलापिया यांची दाट संवर्धनाची तळी पसरली. (आपल्या उजनी परिसरात ज्याला चिलापी म्हणतात तोच हा तिलापिया.) पंगसाची ही जात १९९० साली थायलंडमधून आणली गेली. ही तळी प्रामुख्याने मध्यम शेतकऱ्यांची, भांडवल घालू शकणाऱ्यांची आहेत. भूमिहीनाला ती परवडत नाहीत. तरीही गरिबाला खरा आधार याच तळ्यांनी दिला, कारण पूरबंधारे, गाळ आणि अतिमासेमारी यांमुळे नद्या आणि बिलांतील (‘बिल’ म्हणजे तेथील पाणथळ तळी) मासा वाढत्या लोकसंख्येला पुरेनासा होत असताना शहरातील कामगाराला रोजच्या मजुरीत घेता येईल असा मासा बाजारात राहिला तो यांच्यामुळे. गरिबाला तळे देण्याच्या योजना चांगल्याच आहेत, आंध्र प्रदेशातील बापटल्याचे डॉ. मोदडुगु विजय गुप्ता यांनी बांगलादेशात भूमिहीन व स्त्रियांना हाताशी धरून रस्त्याकडेच्या हंगामी डबक्यांत काही महिन्यांत मासे तयार करून दाखवले आणि २००५ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यासाठी सार्थच होता. पण व्याप्तीने पाहिले तर स्वस्त भाव आणि साखळीतील मजुरी या दोन वाटांनी पोहोचलेला लाभ अधिक मोठा आहे.

येथे मात्र ‘मासा वाढला म्हणजे पोषण वाढले’ हे गृहीतक तपासून घ्यावे लागते. बांगलादेशात १९९१ ते २०१० या काळात माणशी मासे खाण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, पण माशांतून मिळणारे लोह आणि कॅल्शियम घटले. याचे कारण सरळ आहे. नदीतील लहान मासे डोके-काट्यांसकट खाल्ले जात, तर तळ्यातल्या मोठ्या माशाच्या तुकडीचे फक्त मांस पोटात जाते. मोला नावाचा बोटभर मासा पूर्वी कार्प सोडण्याआधी विष घालून मारून टाकत, कारण तो निरुपयोगी समजला जाई. प्रत्यक्षात त्यात अ जीवनसत्त्व विपुल असते आणि त्यातील बहुतांश डोळ्यांत व पोटातील अवयवांत असते, म्हणजे डोके कापून टाकले की तो लाभ गेला. डॉ. शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांनी हे दाखवून देऊन कार्पबरोबर मोला वाढवण्याची पद्धत पुढे आणली. त्यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कार्प विकायचा, आणि तळ्यातच आपोआप वाढणारा मोला आठवड्याला थोडा-थोडा काढून घरात शिजवायचा, इतकी ही पद्धत साधी आहे. जवळा आणि मांदेली अख्खी खाणाऱ्या कोकणातील वाचकाला हे चटकन पटेल.

दुसरी बाजू बांगलादेशाच्याच खुलना-सातखिरा किनाऱ्याची. तेथे निर्यातीच्या बागदा कोळंबीसाठी भातखाचरांत खारे पाणी घेतले गेले. भाताला लावणी, बेणणी, कापणी, मळणी यांची मजुरी असते, कोळंबीच्या ‘घेर’ला, म्हणजे बांध घातलेल्या खाचराला, राखणदारापलीकडे फार माणसे लागत नाहीत. भूमिहीनांचे काम गेले, गुरांचा चारा गेला, पिण्याचे पाणी खारावले. ७ नोव्हेंबर १९९० रोजी पाईकगाछा भागात कोळंबीच्या विरोधातील मोर्चात करुणामयी सरदार मारल्या गेल्या. भारतातही किनाऱ्यावरील कोळंबी शेतीविषयी सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर १९९६ मध्ये कठोर निकाल द्यावा लागला आणि २००५ साली किनारी जलसंवर्धनासाठी स्वतंत्र कायदा झाला. मत्स्यशेतीच्या बाजूने बोलणाऱ्या आम्हा लोकांनी हे प्रकरण झाकून ठेवता कामा नये. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सेनेगल आणि गॅम्बियात, स्थानिक गरिबांचा सार्डिनेला (तारलीच्या कुळातला) मासा दळून मासळीचा भुगा केला जातो आणि तो परदेशातील संवर्धनाच्या खाद्यासाठी जातो, हीही त्याच प्रकारची गोष्ट आहे.

तेव्हा एखाद्या प्रकल्पाने गरिबाचे भले होईल का हे ठरवताना मी त्याच्या टनांच्या आकड्याआधी तीन बाबी पाहतो: तो मासा गावाच्या आणि जवळच्या शहराच्या बाजारात विकला जाणार आहे की गोदीवर जाणार आहे, त्या जमिनीवर आज किती हातांना काम आहे, आणि खाद्याची उधारी कोणाच्या हाती आहे. खाद्याचा खर्च हाच पंगस-तिलापियातील सर्वांत मोठा खर्च असतो. उधारीवर खाद्य घेणारा शेतकरी पुष्कळदा त्याच व्यापाऱ्याला, त्याच्या भावाने मासा देऊन मोकळा होतो आणि वर्षभराची मेहनत व्याजात जाते. हा फास सैल करणारी पतसोय असेल, तर लहान शेतकऱ्याला तळे राखता येते.

आपल्याकडे शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्यांनी लहान देशी मासेही सोबत वाढवून पाहावेत, असे मला मनापासून वाटते. त्यातील खरी अडचण बीजाची आहे. मोला हाताळणीत आणि प्रवासात लवकर मरतो, त्यामुळे तो लांबून मागवण्यापेक्षा जवळच्या ओढ्यातील वा तलावातील लहान मासा पहाटेच्या गारव्यात, थोड्या-थोड्या संख्येने आणून सोडणे अधिक यशस्वी ठरते. आणि त्यासाठी तळे तयार करताना विष न घालता फक्त मरळ, शिंगाळा यांसारखे भक्षक मासे जाळ्याने काढून घ्यावेत.