नोकरी सोडून अल्बम काढू का? सहा लाखांचा प्रश्न

मूळची कोल्हापूरची, आता पुण्यात राहणारी एक वाचक आहे, वय २८, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, हातात ५२ हजार पगार. चौघांचा बँड आहे, मराठीत स्वतःची गाणी करतात, शब्द आणि चाल दोन्ही हिचे, कुठल्याच म्युझिक कंपनीशी करार नाही. तिने लिहिलंय, "दादा, माझ्याकडे एफडी, म्युच्युअल फंड आणि सेव्हिंग मिळून ७ लाख ४० हजार आहेत. त्यातले ६ लाख घालून आठ गाण्यांचा अल्बम काढायचा आणि नोकरी सोडून एक वर्ष पूर्णवेळ बँडला द्यायचं असं ठरत आलंय. आई म्हणते लागले तर माझी ३ लाखांची एफडी घे. करू का?" सोबत एक्सेल शीट पण पाठवलीय आणि ती इतकी नीट ठेवलेली आहे की अर्धं उत्तर तिच्यातच सापडलं.

तर आधी एक सांगतो, तुझ्या पत्रात दोन वेगळे निर्णय एकमेकांना चिकटलेत. अल्बम काढणं हा एक आणि नोकरी सोडणं हा दुसरा, आणि दोन्ही एकाच महिन्यात केलेस तर पैसा बाहेर जायला आणि आत यायचा बंद व्हायला एकच गाठ पडेल. माझं म्हणणं असं की अल्बमचा निर्णय बदल, नोकरीचा पुढे ढकल, आणि ज्या गोष्टीला तुझ्या शीटमध्ये एकही रुपया ठेवलेला नाहीये तिथे पैसा लाव. ती गोष्ट म्हणजे तिकीट लावून केलेले छोटे शो.

आता हिशोब. तुझा महिन्याचा कमीत कमी खर्च रूमचं भाडं ११, घरी पाठवतेस ते १०, बाकी १५, म्हणजे ३६ हजार. सहा लाख गेले की उरतात १ लाख ४०, म्हणजे चार महिनेही धड नाहीत. "एक वर्ष देते" हे जे तू लिहिलंयस ते वर्ष आईच्या तीन लाखांवर उभं आहे, हे तुला दिसलंय का? दिसलं असेलच, म्हणूनच ते वाक्य शेवटी आलंय. त्या एफडीला हात लावायचा नाही, एवढं मी अगदी ठामपणे सांगतो. आईने प्रेमाने म्हटलंय, पण तिच्या नावावर दुसरं काही नाही असं तूच लिहिलंयस.

अल्बमचे सहा लाख कुठे जातायत तर एका गाण्याला ४० हजार धरून आठ गाण्यांचे ३ लाख २०, एका व्हिडिओला १ लाख ६० आणि प्रमोशनला १ लाख २०. आणि मागच्या बारा महिन्यांत तुमच्या जुन्या तीन गाण्यांवर ४१ हजार स्ट्रीम्स आणि त्याचे आले २,९०० रुपये, म्हणजे एका स्ट्रीमला साधारण सात पैसे. सहा लाख नुसत्या स्ट्रीमिंगमधून वसूल करायचे तर ८५ लाखांच्या आसपास स्ट्रीम्स लागतील, आणि आत्ताच्या वेगाने ते व्हायला दोनशे वर्षं जातील. तुला नाउमेद करायला नाही सांगत, रेकॉर्डिंगला कमाईचं साधन समजू नकोस इतकंच म्हणायचंय. गाणं रेकॉर्ड झालेलं असलं की लोक तुला शोधू शकतात, कॅफेवाला ऐकून बोलावतो, तेवढ्यासाठी ते हवंच, पण त्याला एकदम आठ गाणी लागत नाहीत. शिवाय स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम्स न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही, म्हणजे आठ एकदम टाकलीस आणि लोकांनी त्यातली दोनच ऐकली तर बाकीची सहा शून्यावर बसणार.

प्रमोशनच्या १ लाख २० मधले ७० हजार ज्या माणसाला "प्लेलिस्टवर टाकून एक लाख स्ट्रीम्सची गॅरंटी" म्हणून द्यायचेत, ते देऊ नकोस. गॅरंटीने येणारे स्ट्रीम्स बहुतेक वेळा माणसांचे नसतात, ते पकडले गेले की प्लॅटफॉर्म गाणं काढून टाकतो आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुझी गाणी ॲप्सवर पोचवणारी कंपनी, तुझं अकाउंट अडवते, मग खरे श्रोते पण गेले.

मला तुझ्या शीटमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट गिगची टॅब आहे. वर्षभरात १४ कार्यक्रम, एकूण बिदागी १ लाख ८२ हजार, खर्च ९४ हजार, उरले ८८, माणशी २२ हजार. वर्षाचे. तू याला "फेल" असं लाल रंगात लिहिलंयस आणि मला तो रंग पटलेला नाही, कारण त्यातल्या दोन ओळी शेजारी ठेवून बघ. कॅफेतला कार्यक्रम, ठरलेले १२ हजार, येण्याजाण्याचा खर्च दीड हजार, माणशी २,६०० च्या आसपास, पण अर्धी गाणी हिंदी कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, वाजवावी लागली, लोक जेवत होते, आणि पैसे दीड महिन्याने आले. दुसरा ९० खुर्च्यांच्या छोट्या हॉलमधला, ३०० रुपये तिकीट, ७१ तिकिटं गेली म्हणजे २१,३००, त्यातून हॉलचं भाडं ६ हजार, साउंडवाल्याचे ५, ड्रम न्यायला टेम्पो १,२००, पोस्टर आणि इन्स्टाच्या ॲड दीड हजार, तिकीट साइटचं कमिशन १,६००, असे १५,३०० गेले आणि उरले ६ हजार, माणशी दीड हजार. कागदावर कॅफे जिंकला. पण हॉलमधले ७१ जण तुमची मराठी गाणी ऐकायला खिशातून ३०० रुपये काढून आले होते आणि तू रिमार्कमध्ये लिहिलंयस की ४० जणांनी जाताना व्हॉट्सॲप ग्रुपला नंबर दिला. पुढच्या वेळी तोच हॉल भरला आणि तिकीट ४०० केलंस तर ३६ हजार येतात, खर्च फार तर साडेसोळा होतो, माणशी ४,९००. कॅफे बिदागी वाढवेलही, पण वाढवून वाढवून किती? हॉलमध्ये वाढ तुझ्या हातात आहे. (तिकीट ५०० पर्यंत ठेवलंस तर गाण्याच्या कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी पण लागत नाही, तेव्हा सध्या त्याच्या आत राहा.)

आणि हे करायला पुण्यासारखी जागा नाही. २०१० मध्ये एनएच सेव्हन वीकेंडर हा म्युझिक फेस्टिव्हल पुण्यात सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या पोरांना वाटायला लागलं की घरात गाणं बनवायचं आणि मग थेट फेस्टिव्हलचं स्टेज. मधली पायरी ८०-१०० माणसांच्या खोलीची आहे आणि तीच सगळ्यात कच्ची आहे. लाइव्ह संगीताच्या जागांचं बघ, मुंबईत लोअर परळचं ब्लू फ्रॉग २००७ ला सुरू झालं आणि २०१६ ला बंद झालं, बेंगळुरूचं हमिंग ट्री २०१९ ला गेलं, दोन्ही जागांनी कितीतरी बँड उभे केले होते. म्हणून एका बारच्या किंवा कॅफेच्या भरवशावर वर्षाचं प्लॅनिंग करू नये. पण मराठी माणसाकडे अजून एक सवय शिल्लक आहे, नाटकाचं तिकीट काढून शांत बसून ऐकायची. सुदर्शन रंगमंच, द बॉक्स, ज्योत्स्ना भोळे सभागृह, अशा जागा पुण्यात आहेत आणि तुझी गाणी, पाठवलेल्या लिंकवर ऐकली मी, शब्द ऐकावे लागतात अशी आहेत, ती बिअरच्या टेबलापेक्षा अशा खोलीत जास्त पोचतील. मग सांगली, कोल्हापूर, सातारा असा नाटकवाल्यांसारखा वीकेंडचा दौरा, कोल्हापुरात तर राहायचा खर्च पण नाही. दिवाळी पहाटच्या सुपाऱ्या मिळाल्या तर जरूर घे, तिथे बिदागी बरी असते आणि ऐकणारा सकाळी सहाला आंघोळ करून आलेला असतो. फक्त लक्षात ठेव की ही कमाई सारखी येत नाही, ऑक्टोबर ते फेब्रुवारी धावपळ आणि पावसाळ्यात, पितृपक्षात जवळपास शुकशुकाट, त्यामुळे डिसेंबरचा आकडा बारा महिन्यांनी गुणायचा नाही.

तर पैसा असा लावायचा. सहा लाखांऐवजी वर्षभरात २ लाख ६०. चार गाणी, दर तीन महिन्यांनी एक, त्याचे १ लाख ६०. सहा हॉल शो आणि प्रत्येक शोला १० हजारांपर्यंत तोटा झाला तरी चालेल म्हणून ६० हजार बाजूला. त्यातल्या एका शोचं नीट लाइव्ह रेकॉर्डिंग आणि दोन कॅमेरे, २५ हजार, १ लाख ६० हजारांच्या व्हिडिओपेक्षा हा व्हिडिओ तुला जास्त कार्यक्रम मिळवून देईल असं मला वाटतं कारण आयोजकाला तुम्ही स्टेजवर कसे वाटता तेच बघायचं असतं. उरलेले १५ हजार वकिलाला. हे सगळं सेव्हिंग आणि तुझ्या स्वतःच्या एफडीतून होतं, म्युच्युअल फंड तसेच राहू दे, सहा हजारांची एसआयपी पण बंद करू नकोस.

वकील का, तर तू सहा लाख एकटी घालणार होतीस आणि बँड चौघांचा आहे. बाकी तिघं किती घालणार हे पत्रात कुठेच नाही! ड्रमर उद्या कॅनडाला गेला तर रेकॉर्डिंग कुणाचं? शब्द तुझे आणि चाल तुझी म्हणून गाणं तुझं, पण रेकॉर्डिंगची मालकी वेगळी असते, कायद्याने ती ज्याने ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याची. म्हणून स्टुडिओचं बिल कुणाच्या नावाने, वाजवणाऱ्याला एकरकमी पैसे की टक्का, हे दोन पानांवर लिहून चौघांच्या सह्या. मैत्री आहे म्हणूनच आत्ता लिहा, भांडणानंतर कुणी सही करत नाही.

तू असंही लिहिलंयस की एक छोटी म्युझिक कंपनी दीड लाख देऊन तुझी सगळी गाणी कायमची मागतेय, तिचा कागद त्याच वकिलाला दाखव. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा करार करूनही कंपनीला लिहून देता येत नाही, वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणून तर हे लोक "कायमस्वरूपी" हा शब्द आवर्जून घालतात. मी असतो तर दीड लाखाला कायमचं काहीच दिलं नसतं, एक गाणं, तीन वर्षं, एवढंच. आणि आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं, सभासदत्व घेऊन टाक, तू गीतकार-संगीतकार दोन्ही आहेस, सभासदच नसशील तर तुझ्या गाण्याचे तिथे जमलेले पैसे तुझ्यापर्यंत येणार कसे.

टॅक्सचं थोडक्यात. बँडची बिदागी सगळी तुझ्या पॅनवर येतेय आणि १० टक्के टीडीएस पण तुझाच कापला जातोय, मग तू गूगल पेने तिघांना वाटतेस. कागदावर ते सगळं उत्पन्न एकट्या तुझं दिसतं. तिघांकडून साधं बिल घे आणि पैसे रोखीने न देता असेच खात्यातून दे म्हणजे तुझा खर्च म्हणून दाखवता येईल. तुझं एकूण उत्पन्न बघता नव्या रिजीममध्ये टॅक्स शून्यच येईल, कारण २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, म्हणजे कापलेला टीडीएस परत मिळायला हवा, पण पगारवाल्यांचा साधा आयटीआर-१ चालणार नाही, यावेळी सीएकडून भर. आणि ऑफिसच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कमाईबद्दल काय अट आहे ते वाच, असेल तर एचआरकडून मेलवर परवानगी घे.

आता नोकरी. कधीच सोडू नकोस असं मी म्हणत नाहीये, "नोकरी सांभाळून छंद म्हणून कर" हा सल्ला तुला नातेवाइकांनी पुरेसा दिला असेल आणि तुझ्या १४ कार्यक्रमांच्या नोंदी बघून हा छंद आहे असं मला अजिबात वाटत नाही. पण सोडायच्या आधी तीन गोष्टी जमलेल्या हव्यात. गाण्यातून तुझ्या वाट्याला महिन्याला सरासरी १८ हजार, म्हणजे खर्चाच्या निम्मे, आणि ही सरासरी पावसाळ्यासकट पूर्ण बारा महिन्यांची. यात गाण्याचे क्लास, जिंगल, दुसऱ्याच्या गाण्याला आवाज, सगळं धर, बहुतेक स्वतंत्र कलाकारांचं घर यावरच चालतं आणि त्यात काही कमीपणा नाही. दुसरं, नऊ महिन्यांचा खर्च म्हणजे सव्वातीन लाख वेगळे, ज्यातून एक तार पण विकत घ्यायची नाही. तिसरं, स्वतःचा मेडिक्लेम. ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स राजीनाम्याबरोबर जातो आणि त्यात आई पण आहे. आईला बीपी आहे असं लिहिलंयस, नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं, म्हणून पॉलिसी आजच काढ, नोकरी असतानाच वेटिंगचा काळ सरू दे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी पण राहिलेला नाही. आणि पीएफ काढायचा विचार डोक्यातून काढून टाक, पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढलास तर त्यावर टॅक्स बसतो.

राजीनाम्याच्या आधी मॅनेजरला एकदा विचार की आठवड्यातले चार दिवस, कमी पगारावर, जमेल का. नाही म्हणाले तर नुकसान काही नाही, हो म्हणाले तर तुला दर शुक्रवार मिळतो आणि दौऱ्याला शुक्रवार लागतोच.

पहिला हॉल शो झाला की याच शीटमध्ये नवीन टॅब कर आणि मला पाठव, तिकिटं किती गेली त्याबरोबर परत आलेले चेहरे किती हा पण एक कॉलम ठेव. आणि आईची एफडी मार्चमध्ये मॅच्युअर होतेय म्हणालीस, ती ऑटो रिन्यूवर सोडू नकोस, आई ६० च्या वर असेल तर ज्येष्ठांचा दर लागलाय का ते बँकेत जाऊन विचार आणि नॉमिनीत तुझं नाव आहे का तेही बघून ये.