रानटी शिंदीची फळे खाल्ल्याने रक्तातील साखर कमी होते का?

आपल्या वडिलांना टाइप २ मधुमेह आहे, शिंदीची पिकलेली फळे रोज खाल्ल्यास साखर उतरते असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे, आणि म्हणून या फळांचे पोषणमूल्य किती व ती त्यांना द्यावीत का, असे आपण विचारले आहे. मी आहारतज्ज्ञ आहे. माझे उत्तर असे की ही फळे बेताने खाण्यास हरकत नाही, परंतु त्यांच्याकडे औषध म्हणून पाहू नये.

शिंदी आणि खजूर ही एकाच वंशातील, पण वेगवेगळ्या जातींची झाडे आहेत. शिंदीचे फळ मात्र लहान, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे असते. पिकलेले फळ दाताने फोडले की पातळ सालीखाली गराचा एक तलम थर लागतो आणि लगेच उभी खाच असलेली कठीण बी हाताशी येते. म्हणजे मूठभर फळे खाल्ली तरी पोटात जाणारा गर थोडाच असतो, आणि मधुमेही माणसाच्या दृष्टीने या फळाची मोठी जमेची बाजू बहुधा हीच आहे. गरात मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करा असतात, शिवाय काही तंतुमय पदार्थ, पोटॅशियम आणि पॉलिफिनॉल ही वनस्पतिजन्य संयुगे असतात. कच्चे फळ जिभेला आवळते ते त्यातील टॅनिन या तुरट पॉलिफिनॉलमुळे. फळ पिकते तसा हा तुरटपणा ओसरतो आणि साखर वाढते. त्यामुळे ज्या घटकांच्या नावाने फळाची शिफारस केली जाते, ते नेमके गोड फळात घटलेले असतात.

खजुराविषयी २०११ साली संयुक्त अरब अमिरातीतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच जातींचा ग्लायसेमिक निर्देशांक मधुमेहींमध्ये साधारण ४४ ते ५३ इतका, म्हणजे कमी गटातला आढळला. या आकड्याचा आधार घेऊन खजूर कितीही चालतो असे सांगितले जाते, ते मला अजिबात पटत नाही. हा निर्देशांक साखर किती वेगाने चढते ते सांगतो. एकूण किती कर्बोदके पोटात गेली ते सांगत नाही. वाळलेल्या खजुराच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे अवघ्या २० ग्रॅम गरातून १५ ग्रॅम कर्बोदके मिळतात. ताज्या शिंदीच्या फळात पाण्याचा अंश अधिक असल्याने प्रमाण कमी भरते, मात्र ती वाळवून ठेवली की हा फरक पुसट होतो.

साखर उतरल्याचे जे प्रयोग सांगितले जातात, त्यांतील बरेचसे मधुमेह झालेल्या उंदरांना खजुराच्या बियांचा किंवा पानांचा अर्क देऊन केलेले आहेत. आपण बी थुंकून टाकतो आणि गर खातो, तेव्हा त्या प्रयोगांचा निष्कर्ष आपल्या ताटाला लागू पडत नाही. ताडाच्या झाडाच्या कोवळ्या ताडगोळ्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो बहुतांशी पाणीच असतो आणि त्यात साखर बेताची असते. उलट शिंदी आणि ताड या झाडांच्या रसापासून केलेला गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोज असल्याने तो नेहमीच्या साखरेच्याच हिशेबात धरावा.

वडिलांना द्यायचीच असतील तर आठ-दहा पिकलेली फळे जेवणातील दुसऱ्या एखाद्या कर्बोदकाऐवजी द्यावीत, त्यावर जास्तीची नकोत. रानटी झाडे बियांपासून उगवलेली असतात आणि झाडागणिक गोडी बदलते, म्हणून खाण्यापूर्वी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासावी. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या वर जात असेल तर फळांची संख्या निम्मी करावी. चालू गोळ्या किंवा इन्सुलिन यांच्यात फळांच्या भरवशावर कोणताही बदल करू नये. दीर्घकाळच्या मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो, आणि तशा स्थितीत पोटॅशियम रक्तात साठून हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो, त्यामुळे वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले असल्यास आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.