ऑर्केस्ट्रातल्या ट्रम्पेटवाल्याला स्वतःचा कोणता कार्यक्रम सर्वांत जास्त आवडतो? इतका वेळ गप्प बसून कंटाळा येत नाही का?

कंटाळ्याचा प्रश्न तुमच्याआधी माझ्या घरच्यांनी विचारलाय, आणि तो अजूनही बोचतो. म्हणून एवढं लिहितोय.

आम्ही वसईचे. आमच्याकडे सणाला, लग्नाला, मयताला बँड लागतो आणि माझे थोरले काका बँडमास्तर. ट्रम्पेट सगळ्यांच्या वर ऐकू आलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. मी मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "पैसे बसायचे घेतोस की वाजवायचे?"

माझा सर्वांत आवडता कार्यक्रम असा, ज्यात मी प्रेक्षकांना दिसलोच नाही. बीथोव्हेनचं 'लिओनोरा' ओव्हर्चर, म्हणजे ऑपेराच्या सुरुवातीला ऑर्केस्ट्रा वाजवतो ती रचना, त्यातलं तिसरं, १८०६ सालचं. ऑपेराच्या गोष्टीत तुरुंगातल्या फ्लोरेस्टानचा खून होणार, तेवढ्यात बुरुजावरून ट्रम्पेट वाजतं आणि मंत्री आल्याची वर्दी मिळते. ओव्हर्चरमध्ये ही हाक दोनदा येते, दोन्ही वेळा स्टेजच्या मागून. मी विंगेमागच्या पॅसेजमध्ये उभा, एसी अंगावर. वाद्य गार पडलं की सूर उतरतो, म्हणून आवाज न काढता नळीत सारखी गरम फुंकर घालत होतो. त्यात लांबून आलेला सूर हॉलमध्ये आणखी थोडा उतरलेला वाटतो, म्हणून ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर चढवायची-उतरवायची सरकती नळी, केसभर आत घेतलेली. दार किती उघडायचं ते रिहर्सललाच ठरलं होतं. पहिल्या हाकेला अर्धवट, दुसऱ्या हाकेला सताड.

पहिली हाक वाजवली आणि आतून व्हायोलिनवाल्यांनी इतकं हळू धरलं की दाराशी उभ्या असलेल्या, स्टेजचं काम बघणाऱ्या माणसाने श्वास रोखलेला मला दिसला. मग दुसरी. नंतर फ्लूटने मूळ चाल उचलली तेव्हा माझं काम संपलं होतं, पण मी तिथून हललो नाही.

काका त्या दिवशी पहिल्यांदाच हॉलमध्ये आले होते. बाहेर भेटल्यावर म्हणाले, "तू दिसलाच नाहीस. पण ते वाजलं तेव्हा शेजारची बाई मान वळवून शोधत होती." आणि लगेच, "पण एवढ्यासाठी अख्खी संध्याकाळ?"

हो, एवढ्यासाठीच. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीत ट्रॉम्बोनवाले चौथ्या मूव्हमेंटपर्यंत, म्हणजे शेवटच्या भागापर्यंत, एकही स्वर वाजवत नाहीत. ते आले की हॉल बदलतो तो त्या थांबण्यामुळेच. रेस्ट, म्हणजे गप्प बसायच्या मात्रा, मोजणं हे वाजवणंच आहे, आणि हे ज्याला पटत नाही त्याने ऑर्केस्ट्राच्या वाटेला जाऊ नये.

आवडते कार्यक्रम विचारले की बहुतेक ट्रम्पेटवाले माहलरची पाचवी सिम्फनी किंवा रावेलने १९२२ साली ऑर्केस्ट्रासाठी बांधलेलं मुसोर्गस्कीचं 'पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन' सांगतील. दोन्हींची सुरुवात एकट्या ट्रम्पेटने होते, चुकलं तर लपायला जागा नाही. माहलर ऐकायचाच असेल तर शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राचं, कंडक्टर सोल्टीबरोबरचं १९७०चं रेकॉर्डिंग ऐका. त्यात पहिल्या ट्रम्पेटवर अडॉल्फ हर्सेथ आहेत. १९४८ ते २००१ ते त्या जागेवर होते. त्यांचा मोठा आवाज सगळे वाखाणतात. मी म्हणतो, त्यांचे हळू वाजवलेले स्वर ऐका. इंटरनेटवर वरचे सूर मारणाऱ्या किती पोरांना एक स्वर हळू सुरू करून तसाच हळू धरता येतो?

एक मात्र खरं, ओठ आणि दम मला बँडनेच दिला. उन्हात चालत वाजवल्याशिवाय तो येत नाही, हे काकांचं म्हणणं मी मान्य करतो. आणि नोकरीच्या आशेने शिकू नका, आपल्याकडे अशा जागा मोजक्याच. पण बँडमध्ये शिकत असाल तर मिरवणुकीत जे जोरात वाजवलंत ते घरी येऊन दार लावून हळू वाजवा, रोज. काका याला वेळेची नासाडी म्हणतात. त्यांच्याच बँडमधली दोन पोरं आता माझ्याकडे तेवढंच शिकायला येतात.