जुन्या टाटा ४०७ चे पुढचे काम: किंगपिन, पाटे आणि रीमर

आपण विचारले आहे की, २००३ सालच्या आपल्या टाटा ४०७ चे स्टेअरिंग ताशी ४५-५० किलोमीटरच्या वेगाला थरथरते, पुढचे दोन्ही टायर एका कडेने खाल्ले जातात, आणि मिस्त्रींनी किंगपिन (ज्यावर पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते तो उभा पिन), पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या), शॉक अ‍ॅब्झॉर्बर असे पुढचे सगळेच काम नव्याने करायला सांगितले आहे. तर हे सगळे खरोखरच करावे लागेल का? भाजीपाल्याच्या आणि दुधाच्या गाड्यांचे हेच काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो. किंगपिन आणि बुश (पिनभोवती बसणारी नळी) बहुधा बदलावे लागतील, पाटे बहुधा लागणार नाहीत. परंतु हे अंदाजाने ठरवू नये. गाडी उचलून, एकेक सांधा हलवून पाहून ठरवावे.

मागच्या चाकांना उटी लावा, पुढचा एक्सल जॅकने उचला आणि त्याखाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. आता टायर वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. खडखड जाणवली की कोणाला तरी केबिनमध्ये बसवून ब्रेक पूर्ण दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे, आणि तो कित्येकदा नट नीट कसण्याने व ग्रीस भरण्यानेच जातो. ब्रेक दाबूनही खडखड तशीच राहिली तर ती किंगपिनची आहे. त्यानंतर टायर डावीकडे-उजवीकडे धरून हलवा आणि टाय रॉड व ड्रॅग लिंक या स्टेअरिंगच्या दांड्यांच्या टोकांवर दुसऱ्याचा हात ठेवायला सांगा. जिथे झीज आहे तिथे बोटांना टकटक स्पष्ट लागते. टायरवरूनही तळहात फिरवून पाहा. एका दिशेने रबर गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो-इन (पुढची चाके समोरच्या बाजूने किंचित आत वळलेली असण्याचे माप) बिघडले आहे असे समजावे.

या गाडीला पुढे अखंड एक्सल आहे. १९८६ साली टेल्कोने ४०७ बाजारात आणली तेव्हापासूनची ही साधी आणि दणकट रचना आहे (कंपनीचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले, तरी आमच्यातले जुने लोक अजून टेल्कोच म्हणतात). अशा एक्सलमध्ये चाकाचा तिरपेपणा, म्हणजे कॅम्बर, एक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. कारप्रमाणे तो बोल्ट फिरवून बदलता येत नाही. म्हणून किंगपिन ढिला असताना अलाइनमेंट करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. आधी सांधे घट्ट करावेत, मग टो-इन पाहावे.

किंगपिनच्या कामात खरा कस आहे तो रीमिंगचा, म्हणजे रीमर या कापणाऱ्या हत्याराने बुशचे भोक नेमक्या मापाचे करण्याचा. जुना पिन काढताना प्रथम त्याला अडवणारी कॉटर पिन काढावी लागते. ती न काढता किंवा अर्धवट काढून घण घातल्याने पिनचे डोके पसरते आणि मग तो कशानेच निघत नाही. आदल्या रात्री गंजावरचे तेल सोडून ठेवावे, पितळी ठोकणीने ठोकावे, आणि जमल्यास प्रेसवर काढावा. एक्सलला गॅसचा जाळ लावून लाल करू देऊ नका, कारण तो उष्णतेने पाणी दिलेला घडीव भाग आहे आणि त्याची ताकद त्या जाळाने जाते. निघालेल्या पिनवरून नख फिरवा; बुश जिथे बसतो तिथे नख अडेल अशी पायरी लागली तर पिन संपला आहे. नवा पिन एक्सलच्या भोकात घट्ट बसतो की नाही हेही त्याच वेळी पाहावे. तो तिथेच हलत असेल, तर नुसते नवे बुश टाकून काहीही साधणार नाही, आधी ते भोक दुरुस्त करावे लागेल.

माझ्याकडे आलेल्या एका गाडीचे किंगपिन दुसऱ्या एका गॅरेजात बदलून वर्षही झाले नव्हते, आणि चाक पुन्हा खडखडत होते. खोलल्यावर वरचा बुश कोरडा आणि एका बाजूने लांबट झिजलेला निघाला. बुशचे ग्रीसचे भोक स्टबच्या (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाच्या) भोकासमोर नव्हते, अर्धा सेंटिमीटर सरकलेले होते. मालकाने वर्षभर इमानाने ग्रीस मारले होते आणि त्यातला थेंबही पिनपर्यंत पोहोचला नव्हता. म्हणून बुश दाबून बसवल्यावर ग्रीसच्या निपलमधून बारीक तार घालून पाहावी आणि ती आत दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर वरचा आणि खालचा असे दोन्ही बुश एकाच लांब रीमरने, एका रेषेत रीम करावेत. दोन्ही वेगवेगळे किंवा पॉलिश पेपरने घासून मोठे केले, तर पिन वर बसतो, खाली बसतो, पण दोन्हीकडे एकदम सरळ बसत नाही. रीमर नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नका; स्टब काढून लेथवाल्याकडे नेणे परवडते. पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकावा आणि डगडग मुळीच नसावी. थ्रस्ट बेअरिंग (गाडीचा भार पेलणारे) एक्सलच्या खालच्या अंगाला, कव्हरची बाजू वर ठेवून बसते, म्हणजे चिखलपाणी आत जात नाही. वरच्या अंगाला उरलेली फट शिम (पातळ चकती) टाकून भरावी.

पाट्यांविषयी मात्र घाई करू नये. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंची कमान मोजावी. दोन्ही सारख्या असतील, पाट्यांना सेंटर बोल्टजवळ किंवा कानाच्या वळणावर तडा नसेल, तर फक्त पाट्यांच्या टोकांचे पिन-बुश आणि शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारा झुलता दुवा) बदलून काम भागते. एक बाजू बसली असेल, तर दोन्ही बाजूंचे काम एकदमच करावे, नाहीतर गाडी एकीकडे झुकते. पाटे सोडताना चेसिस स्टँडवर घेऊन एक्सल हळूहळू खाली सोडावा, म्हणजे पाट्यांतला ताण उतरतो. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी तिरपी पट्टी निघाली, तर तिची जाड बाजू कुठे होती हे खडूने लिहून ठेवावे, कारण ती उलटी बसली की कास्टर (किंगपिनचा पुढे-मागे असलेला कल) बिघडतो आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग भटकू लागते. सेंटर बोल्टचे डोके एक्सलवरच्या भोकात नेमके बसले आहे याची खात्री करूनच नवे यू-बोल्ट समोरासमोरच्या तिरक्या क्रमाने कसावेत. रबरी बुश असतील, तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच पक्के करावेत. अधांतरी कसलेले रबर पिळले जाते आणि लवकर फाटते.

शॉक अ‍ॅब्झॉर्बरमधून तेल गळत असेल तरच बदलावेत, आणि तेही जोडीने. टाय रॉडचे टोक बदलताना किती आटे बाहेर होते ते मोजून नवे तितकेच फिरवावे, आणि स्प्लिट पिन नवीच घालावी. चाकांचे बॅलन्सिंगही करून घ्या, कारण पन्नाशीच्या आसपासची थरथर काही गाड्यांत तेवढ्यानेच जाते.

काम झाल्यावर माल भरून साधारण ५०० किलोमीटर चालवा आणि यू-बोल्ट पुन्हा कसून घ्या. नवे पाटे असोत वा जुने, ते या काळात बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. पुढे ग्रीस मारताना एक्सल उचलून, चाक दोन्हीकडे वळवत मारावे. गाडी जमिनीवर असताना सगळा भार बेअरिंगवर असतो आणि ग्रीस हवे त्या जागी शिरतच नाही. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत हात थांबवू नये.