थ्रेशर जुना, मोटार नवी : यंत्र-अवजारांविषयी वाचकांचे प्रश्न

गहू आणि हरभरा काढणीला येऊ लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. बियाण्यांचे आणि फवारणीचे प्रश्न मागे पडतात आणि गोठ्यामागे झाकून ठेवलेली यंत्रे आठवू लागतात. नागपूर जिल्ह्यातून आलेल्या अशा पत्रांपैकी तीन या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण अनेक घरांत असेल असे वाटल्याने त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या काळचा दातेरी ड्रमचा थ्रेशर आहे. पुष्कळ वर्षे तो लिस्टर पद्धतीच्या डिझेल इंजिनवर चालला. मागील हंगामात आम्ही इंजिन बाजूला ठेवून साडेसात अश्वशक्तीची विजेची मोटार बसवली. तेव्हापासून गव्हाचा दाणा फुटतो आणि हरभऱ्याची तर यंत्रातच डाळ होते. शेजारी म्हणतात, थ्रेशर म्हातारा झाला, भंगारात द्या. इंजिनची पुली १६ इंची होती, मोटारीची १० इंची आहे, ड्रमची पूर्वीपासून १६ इंची आहे. दात्यांसह ड्रमचा व्यास २४ इंच भरतो. आम्ही काय करावे? (रामटेक तालुक्यातील वाचक)

उत्तर : आपण पुलींची मापे कळवलीत हे फार चांगले केले, कारण दोष त्या मापांतच आहे. थ्रेशरला भंगारात देण्याचे कारण आपल्या पत्रात कुठेही दिसत नाही.

हिशोब साधा आहे. चालवणाऱ्या पुलीचा व्यास आणि तिचे मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करून त्याला ड्रमच्या पुलीच्या व्यासाने भागले की ड्रमचे फेरे मिळतात. लिस्टर पद्धतीचे सहा अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६५० फेरे फिरते आणि दोन्ही पुल्या १६ इंची असल्याने आपला ड्रमही ६५० फेरेच फिरत होता. विजेची मोटार मात्र साधारण १४४० फेरे फिरते. तिच्या १० इंची पुलीवरून पट्टा १६ इंची पुलीवर आला की ड्रम ९०० फेरे घेतो. २४ इंची ड्रमच्या दात्याच्या टोकाचा वेग पूर्वी सेकंदाला सुमारे २१ मीटर होता, तो आता २९ मीटरच्या जवळ गेला आहे. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण आघाताचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच प्रत्येक दाण्यावर बसणारा मार जवळजवळ दुप्पट झाला. आपल्याकडे मार्चच्या दुपारी गव्हाचा दाणा कोरडा ठणठणीत असतो आणि एवढा मार त्याला सोसत नाही. फुटीच्या दाण्याला कळमन्याच्या बाजारात काय भाव मिळतो हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

हरभऱ्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्याचा दाणा दोन दळांचा असतो आणि टरफल पातळ असते, त्यामुळे गव्हाला चालणारा वेगही त्याला जास्त होतो. आपल्या ड्रमसाठी मी गव्हाला ६४० ते ६५० आणि हरभऱ्याला सुमारे ४०० फेरे ठेवीन. त्यासाठी ड्रमवर १८ इंची पुली बसवून घ्यावी आणि मोटारीसाठी ८ इंची व ५ इंची अशा दोन पुल्या ठेवाव्यात. आठ इंचीवर ड्रम ६४० फेरे फिरेल आणि पाच इंचीवर बरोबर ४००. पट्टा थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात फेरे किंचित कमीच भरतील. मोटारीवर ५ इंचापेक्षा लहान पुली घालण्याचा मोह टाळावा. बी मापाचा व्ही पट्टा त्यापेक्षा लहान पुलीवर नीट वळत नाही, तापतो आणि लवकर तुटतो. मोटार पुढेमागे सरकणाऱ्या लोखंडी रुळांवर बसवलेली असेल तर पुली बदलल्यावर पट्ट्याचा ताण सहज जुळवता येतो.

येथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. जुन्या थ्रेशरमध्ये पंखा ड्रमच्या धुरीवरूनच चालतो. ड्रमचा वेग ६४० वरून ४०० वर आणला की पंख्याचा वाराही तितकाच मंदावतो, कुटार बाहेर उडत नाही आणि दाण्यात मिसळून पोत्यात येते. मग घरचे म्हणतात की हळू चालवले की मशीन साफ करत नाही, आणि पुन्हा मोठी पुली चढते. यावर उपाय म्हणजे हरभऱ्याच्या वेळी पंख्याची पुलीही त्याच प्रमाणात लहान करावी. ती सध्या ८ इंची असेल तर ५ इंची बसवावी, म्हणजे पंख्याचे फेरे गव्हाच्या वेळी होते तेवढेच राहतील.

वेग कमी केल्याची थोडी किंमत मोजावी लागते. गव्हाचे कुटार पूर्वीइतके बारीक होणार नाही आणि बैल त्यातील जाड काड्या गव्हाणीत ठेवून देतील. माझ्या मते ही किंमत परवडणारी आहे. बियाण्यासाठी ठेवायचा हरभरा मात्र सकाळच्या वेळी, शेंगांत थोडा ओलावा असताना, वेगळा मळून घ्यावा. टरफलाला बारीक तडा गेलेला दाणा डोळ्यांना चांगला दिसला तरी पेरल्यावर दगा देतो.

हे सारे करूनही दाणा फुटत राहिला तर ड्रमचे दाते आणि खालची जाळी यांतील अंतर पाहावे. एका बाजूचे दाते जास्त झिजलेले असतील किंवा बेअरिंग ढिले होऊन ड्रम खाली बसला असेल तर एका कडेला दाणा भरडला जातो. मोटारीची जोडणी सुटी करून पुन्हा केली असेल तर पट्टा चढवण्यापूर्वी ती कोणत्या दिशेने फिरते तेही पाहावे. तीन तारांपैकी दोन उलटसुलट लागल्या तर मोटार उलटी फिरते, आणि हा घोटाळा मी चांगल्या अनुभवी हातांकडून झालेला पाहिला आहे.

प्रश्न : सासऱ्यांनी घेतलेला एचएमटी २५११ ट्रॅक्टर आजही चालतो. सात एकर वावर आहे, त्यात धान आणि नंतर गहू घेतो. मुलाला त्यावर रोटावेटर लावायचा आहे, नाहीतर ट्रॅक्टर विकून टाकू म्हणतो. कंपनी बंद झाल्याने सुटे भाग मिळणार नाहीत असेही तो म्हणतो. (मौदा तालुक्यातील वाचक भगिनी)

उत्तर : ताई, आपल्या मुलाचे अर्धे म्हणणे मला पटते. एचएमटी या सरकारी कंपनीने चेकोस्लोव्हाकियातील झेटर कंपनीच्या सहकार्याने हरयाणातील पिंजोर येथे १९७१ मध्ये हे ट्रॅक्टर बनवण्यास सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे यापुढे अस्सल भागांचा पुरवठा आटतच जाणार. फिल्टर, सील, बेअरिंग, क्लच प्लेट अशा झिजणाऱ्या वस्तूंची फारशी चिंता नाही. गिअरबॉक्समधील दातचक्र तुटले तर मात्र जुन्या ट्रॅक्टरचे भाग विकणाऱ्यांकडे शोधत फिरावे लागते.

म्हणूनच त्या गिअरबॉक्सवर रोटावेटरचा भार घालू नये. पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला धानानंतरच्या घट्ट, काळ्या जमिनीत रोटावेटर जड जातो. तो ओढेल, पण हळू आणि काळा धूर ओकत. ते काम भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडून करून घ्यावे आणि घरचा ट्रॅक्टर पेरणी, कल्टिव्हेटर, ट्रॉली आणि थ्रेशर यांसाठी राखावा. यंत्रे चालवण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या धुरीला (पीटीओला) थ्रेशर जोडताना तिचे मिनिटाला ५४० फेरे पडतील एवढेच इंजिन वाढवावे.

विकायचा की ठेवायचा हे ठरवण्यापूर्वी इंजिन तापलेले असताना तेल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून धुराचा झोत धापा टाकल्यासारखा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले आहेत. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जळत आहे. काळा असेल तर आधी हवेच्या फिल्टरच्या तळातील तेल बदलावे, पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे आणि ट्रॅक्टर त्याच दिवशी थांबवावा. नोंदणीची मुदतही तपासावी. पहिल्या पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि वावरातच फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हे हमखास राहून जाते.

प्रश्न : थ्रेशरमध्ये पेंडी घालण्याचे पत्र्याचे तोंड लांब असल्याने काम हळू होते. ते कापून आखूड केले तर चालेल काय? (कुही तालुक्यातील वाचक)

उत्तर : अजिबात चालणार नाही. ते तोंड किमान ९० सेंटिमीटर लांब असावे आणि ड्रमकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे माप ठरवण्यामागे हिशोब आहे : पेंडी ढकलणाऱ्याचा हात पूर्ण आत गेला तरी दात्यांपर्यंत पोहोचू नये. थ्रेशरमध्ये हात गमावलेल्यांची संख्या इतकी वाढली होती की संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. काम हळू होत असेल तर पेंड्या लहान बांधाव्यात आणि तोंडाशी उभ्या माणसाला हात देणारा आणखी एक जण ठेवावा. रात्रीच्या विजेवर मळणी करायची असल्यास त्या तोंडावर पुरेसा उजेड पडेल असा दिवा टांगावा. तेथे उभे राहणाऱ्याने सैल बाह्यांचा सदरा आणि खांद्यावरचा दुपट्टा घरीच ठेवावा, आणि जागरणाने डोळे मिटू लागलेल्या माणसाला तेथून उठवून पोती शिवायला बसवावे.