फोर-व्हीलचा दिवा लुकलुकतो

प्रश्न : हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून पिकअप काढल्यापासून फोर-व्हीलचं बटण दाबलं की दिवा नुसता लुकलुकतो, पुढची चाकं ओढत नाहीत. काय करू? – एक वाचक, परळ

उत्तर : दिवा लुकलुकणं म्हणजे बहुधा आदेश गेला, पण गिअर बसल्याची खूण परत आली नाही. आधी फ्यूज पाहा. मग चाकांना अडण लावून, इंजिन बंद, इग्निशन चालू, गिअर न्यूट्रल ठेवून बटण दाबा आणि ट्रान्सफर केसवरच्या (पुढच्या चाकांना ताकद देणारी गिअरपेटी) मोटरचा आवाज ऐका. आवाज नसेल तर तिचा कनेक्टर उघडा. पाण्याने पिना हिरव्या पडतात, त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. बटण दाबताच तिथे 12 व्होल्ट येऊनही मोटर गप्प, तर बहुधा मोटरच गेली. मोटर फिरत असेल तर पुढच्या हबकडे (चाकाचा मधला भाग) जाणारी व्हॅक्यूम नळी, असल्यास, तपासा. ट्रान्सफर केसचं तेल दुधाळ दिसलं, तर लगेच बदला. कोरड्या डांबरावर मात्र चाचणी नको, गिअर ताणले जातात.