मेव्हन: चाइल्ड पॉममध्ये प्रॉपर्टी बदलली, तरी जुनीच आवृत्ती का येते?

मेव्हन हे जावाचं बिल्ड टूल आणि पॉम ही त्याची प्रोजेक्टची माहिती लिहायची फाइल; चाइल्ड पॉम पेरेंटकडून गोष्टी वारशाने घेतो. प्रश्न असा, की पेरेंट पॉममध्ये स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा बॉम (लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांची यादी असलेला पॉम) इम्पोर्ट केलाय, चाइल्डमध्ये ‘स्नेकयाम्ल.व्हर्जन’ ही प्रॉपर्टी (म्हणजे याम्ल फाइली वाचणाऱ्या स्नेकयाम्ल लायब्ररीची आवृत्ती) 2.0 लिहिलंय, आणि बिल्डमध्ये तरीही 1.30 येतंय. स्नेकयाम्लमधली सुरक्षेची त्रुटी (सीव्हीई-2022-1471) जाहीर झाल्यानंतर 2.0 वर जाताना आमचा अख्खा दिवस याच भानगडीत गेला होता.

वारशाचा नियम तसा सरळ आहे. मेव्हन आधी पेरेंट आणि चाइल्ड एकत्र करतो. त्या वेळी डॉलर आणि महिरपी कंसातली नावं जशीच्या तशी असतात. एकच प्रॉपर्टी दोन्हीकडे असेल तर चाइल्डची टिकते आणि त्यानंतरच नावांच्या जागी किमती भरल्या जातात. त्यामुळे पेरेंटच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंटमधली (पॉममध्ये लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या ठरवायचा भाग) ओळसुद्धा चाइल्डची किंमत उचलते. (याच कारणाने पेरेंटमध्ये ‘प्रोजेक्ट.बेसडिर’ वापरून लिहिलेला पाथ चाइल्डमध्ये चाइल्डच्याच फोल्डरकडे बोट दाखवतो. त्यातही बरेच जण फसतात.)

पण इम्पोर्ट म्हणजे वारसा नव्हे. बॉम मेव्हन वेगळा वाचतो, त्याच्याच प्रॉपर्टीज वापरून किमती भरतो आणि तयार यादी तुमच्या पॉममध्ये आणून ठेवतो. तुमची प्रॉपर्टी तिथवर पोचतच नाही. भाकरी भाजून झाल्यावर पिठात मीठ घालण्यातला प्रकार.

तुमचा पेरेंट ‘स्प्रिंग-बूट-स्टार्टर-पेरेंट’वरून आलेला असता, तर चाइल्डमधली प्रॉपर्टीची तीच एक ओळ चालली असती. इम्पोर्टच ठेवायचा असेल तर स्नेकयाम्ल 2.0 स्वतःच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये थेट लिहा. स्वतः लिहिलेली नोंद इम्पोर्टवर मात करते. फक्त त्याआधी स्प्रिंग बूट 2.7.10 किंवा पुढचं आहे ना ते बघा, जुन्याचं 2.0 शी जमत नाही.

आणखी एक. रूट (सगळ्यात वरच्या) पॉमच्या ‘मॉड्यूल्स’मध्ये नाव घातलं म्हणून काही वारसा मिळत नाही. त्याने फक्त बिल्ड एकत्र होतं. प्रॉपर्टीज येतात त्या चाइल्डमधल्या ‘पेरेंट’ टॅगमुळे.

तरी शंका राहिली तर चाइल्डच्या फोल्डरमध्ये हेल्प प्लगइनचं ‘इफेक्टिव्ह-पॉम’ चालवा, सोबत ‘व्हर्बोज’ द्या. कुठली ओळ कुठल्या पॉममधून आली, ते शेजारी कॉमेंटमध्ये दिसतं.